पालि शब्दांचे स्मरण आणि मातृभाषेचा संस्कार

विहारात वंदना म्हणताना लहान मुले 'बुद्ध', 'धम्म', 'संघ' हे शब्द चटकन उचलतात. 'वेरमणी', 'समादियामि' येथे मात्र अडखळतात. त्यावरून मुलाची स्मरणशक्ती मंद आहे, असा निष्कर्ष काढणे उचित नव्हे.

नुकतेच ऐकलेले शब्द मनात धरून त्यांच्याशी काम करणाऱ्या शक्तीस मानसशास्त्रात 'कार्यस्मृती' म्हणतात. अ‍ॅलन बॅडले व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली तिचे प्रतिमान मांडले. ती ध्वनी साठविणारे रिकामे पात्र नव्हे. ऐकलेल्या शब्दाचा ठसा काही क्षणांतच पुसट होतो. शब्द पूर्वपरिचित असेल, तर दीर्घकालीन ज्ञान त्या ठशाची पूर्तता करते. चार्ल्स ह्यूम व सहकाऱ्यांनी १९९१ साली इंग्रजी भाषकांवर प्रयोग केले. इटालियन शब्द त्यांना इंग्रजी शब्दांहून कमी स्मरले. त्यांचे अर्थ शिकविल्यावर मात्र तेच शब्द अधिक संख्येने स्मरू लागले.

मराठी भाषकास हे साहाय्य मातृभाषेतूनच लाभते. 'हत्थ' म्हणजे हात, 'कण्ण' म्हणजे कान, 'सप्प' म्हणजे साप. लोधिवली परिसरातील वाचकांनी कर्जतजवळील कोंडाणे लेणे अवश्य पाहावे. तेथील प्राकृत लेखात कण्हाचा अंतेवासी बलक याचा उल्लेख आहे. 'कान्हा' माहीत असलेल्यास 'कण्ह' हे नाव एकदा ऐकताच ध्यानी राहते.

परंतु हेच ज्ञान दिशाभूलही करते. पूर्तता परिचित रूपाकडे झुकते. म्हणून 'सिक्खापद'चे 'शिक्षापद' आणि 'निब्बान'चे 'निर्वाण' होते. अर्थाच्या बाबतीत धोका अधिक आहे. मराठीत 'वेदना' म्हणजे पीडा. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि या दोहोंहून भिन्न अशा तिन्ही अनुभूती वेदनाच होत. शब्द सहज स्मरला म्हणजे तो समजला, असे नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालि व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते लेखन महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्या परिश्रमांचे महत्त्व येथे लक्षात येते. मुलांना प्रथम 'वेरमणी' म्हणजे विरत राहणे आणि 'समादियामि' म्हणजे मी ग्रहण करतो, हे सांगावे. पाठांतर त्यानंतर घ्यावे. अर्थ कळला की शब्द मनात टिकतो, आणि शीलग्रहण करणाऱ्यास आपण कोणते वचन देत आहोत, याचेही भान राहते.