मजकुरातून माहिती वेचताना

साध्या मजकुराच्या फायलीत, म्हणजे जिच्यात अक्षरे, अंक आणि ओळी यांखेरीज काहीही नसते अशा फायलीत, माहिती पुष्कळ असली तरी ती माणसाने वाचावी म्हणून लिहिलेली असते. पावसाच्या नोंदींच्या हजारो ओळी हाताशी असल्या, तरी दिनांक, गाव आणि मिलिमीटर हे घटक वेगवेगळ्या रकान्यांत पडल्याशिवाय कोणत्या गावी जुलैत किती पाऊस झाला याची बेरीज मांडता येत नाही. हे रकाने पाडण्यासाठी स्क्रिप्टिंग भाषा, म्हणजे थोडक्या ओळींत लिहून लगेच चालवता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषा, फार उपयोगी पडतात.

त्यांपैकी ऑक ही भाषा १९७७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी घडवली. तिच्यात प्रत्येक ओळ ही एक नोंद आणि मोकळ्या जागेने तुटलेला ओळीचा प्रत्येक तुकडा हा एक रकाना मानला जातो. ओळ अमुक नमुन्यात बसली तर अमुक कृती करावी, एवढेच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगायचे असते आणि ओळी वाचण्याचे व तोडण्याचे काम भाषाच करते. लॅरी वॉल यांच्या पर्लने १९८७ पासून या पद्धतीला मोठे बळ दिले, आणि आज हे काम बहुधा पायथनमध्ये होते.

या साऱ्यांचा कणा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, अर्थात अक्षरक्रमाचे वर्णन करणारे सूत्र. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी ही कल्पना १९५० च्या दशकात मांडली आणि केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ती मजकुरातील शोधासाठी वापरून दाखवली. 'दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, तिरकी रेघ, चार अंक' असे सूत्र दिनांक शोधते, परंतु त्याला केवळ आकार कळतो, अर्थ कळत नाही. म्हणून ४५/१३/२०२० हेही त्यात बिनबोभाट बसते आणि महिना बाराच्या आत आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते.

मराठी मजकुरात अडचणी याहून खोल आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास निकाल चुकतो. शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक नावाने सांगणाऱ्या सूत्राला देवनागरी अंक दिसतच नाहीत, तर पायथनचे 'कोणताही अंक' हे सर्वसाधारण चिन्ह ते ओळखते. मात्र पायथनच्या मूळ सूत्रांत 'शब्दातील अक्षर' या वर्गात काना, मात्रा, वेलांटी येत नसल्यामुळे 'किनारा' या शब्दाचे क, न, र असे तीन तुकडे पडतात. पर्लमध्ये तो अखंड राहतो. त्याहून फसवा प्रकार 'दुसऱ्या' या शब्दातील अर्ध्या र चा, कारण तो स्वतंत्र ऱ ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसत असली तरी संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे ठरावीक प्रमाणीकरणही हा भेद मिटवत नाही. त्यामुळे सूत्र लावण्याआधीच सारा मजकूर एका रूपात आणणे आवश्यक ठरते, आणि एवढे करूनही ज्या ओळी कोणत्याच नमुन्यात बसत नाहीत, त्या प्रोग्रॅमने मुकाट्याने न गाळता ओळीच्या क्रमांकासह वेगळ्या फायलीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे नमुना कोठे अपुरा पडला हे माणसाला वाचून ठरवता येते.