संडासाचा गळका पाईप बदलताय? आधी उतार मोजा, मग पाईप आणा

ड्रीपची नळी फुटली की आपण त्याच दिवशी जोडतो. मोटारीच्या लाईनला भोक पडलं तर रात्री बॅटरी घेऊन रानात जातो. पण संडासाचा पाईप वर्षानुवर्षं गळत असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो, कारण तो जमिनीत असतो आणि गळालेलं पाणी माती पिऊन टाकते.

आपल्याकडे २००० सालानंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या काळात बरेच संडास बांधले गेले. त्यातल्या अनेक ठिकाणी भांड्यापासून टाकीपर्यंत चिनी मातीचा नाहीतर सिमेंटचा पाईप टाकलेला आहे. चिनी मातीचे दोन-तीन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले असतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्याबरोबर पाईपही हलतो आणि जोड उघडतो. पुढं झाडाचं मूळ त्या जोडात शिरतं, नाहीतर घूस तिथंच बीळ करते.

धोका नळाच्या पाण्याला

गावात नळाला पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की लाईनमधला दाब जातो. अशा वेळी नळाच्या पाईपाला बारीक चीर असेल आणि शेजारी संडासाचं पाणी मुरत असेल, तर ते घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला तेच हंड्यात येतं. जुलाब, कावीळ, विषमज्वर, कॉलरा हे सगळे आजार अशाच पाण्यातून पसरतात. विहीर किंवा आड जवळ असेल तर तिथंही हाच धोका. टाकीतून पाणी मुरवण्याची जागा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब असावी, असा नियम आहे. पाईप मध्येच गळत असेल तर टाकी कितीही लांब असून उपयोग नाही.

गळती कशी ओळखायची

भिंतीच्या पायाला कायम ओल, उन्हाळ्यातही एकाच जागी हिरवं गवत, जमीन खचणं, घुशीची बिळं, सततचा वास, ही लक्षणं. खात्री करायची तर बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून भांड्यात ओता आणि टाकीच्या अलीकडच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. थोडंच पाणी आलं किंवा आलंच नाही, तर एकतर पाईप तुंबलाय नाहीतर मध्ये गळतोय.

उतार हाच मुख्य

बरेच जण आधी दुकानात जातात, पाईप आणतात आणि जुन्याच चरात टाकून मोकळे होतात. वर्षभरात तो तुंबतो. पाईप नवा असला तरी उतार जुनाच राहिलेला असतो.

सेप्टिक टाकीला जाणाऱ्या ४ इंची पाईपाला ४० फुटाला १ फूट उतार धरा, म्हणजे १० फुटाला ३ इंच. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात बादलीनं थोडंच पाणी पडतं, तिथं उतार जास्त लागतो. १५ फुटाला १ फूट, म्हणजे १० फुटाला ८ इंच. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी लावून भांड्याखालचं तोंड आणि टाकीचं तोंड यातला फरक मोजा. तो कमी भरला तर भांडं उचलून घ्यावं लागेल. हे खर्चाचं काम आधीच कळलेलं बरं.

पाईप कोणता घ्यायचा

दुकानात ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाईप मागा, त्यातही 'टाईप बी'. 'टाईप ए' पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपाला चालतो. पाईपावर आयएस १३५९२ असं छापलेलं बघा. जिथून ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जाते तिथं जमिनीखालच्या ड्रेनेजचा जाड पाईप घ्या, त्यावर आयएस १५३२८ असतं. वळणाला काटकोनी एल्बो टाळा. ४५ अंशाचे दोन बेंड लावा आणि तिथं झाकणाचा दरवाजा किंवा चेंबर ठेवा. पुढं कधी तुंबलं तर तिथूनच काठी घालता येते.

काम कसं करायचं

दोन दिवस संडास बंद ठेवा. टाकीच्या बाजूनं खोदत भांड्याकडं या. हातमोजे आणि गमबूट घालूनच काम करा. सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस काही क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

जुना पाईप सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. असा पाईप ग्राइंडरनं कापू नका, घणानं फोडू नका. पाण्यानं भिजवा आणि अख्खे तुकडे काढून खोल पुरा.

चराच्या तळातले दगड वेचून ३-४ इंच वाळू किंवा बारीक मुरूम अंथरा. काळ्या मातीत अर्धा फूट जास्त खोदून मुरूम भरा. पाईप सगळीकडं टेकला पाहिजे, विटेच्या तुकड्यांवर अधांतरी नको.

पाईपाचं रुंद तोंड भांड्याच्या दिशेला ठेवा. सोल्युशनचा जोड असेल तर दोन्ही बाजू कोरड्या पुसून सोल्युशन लावा, दाबा आणि थोडा वेळ धरून ठेवा. सोल्युशन पेट घेतं, म्हणून विडी-सिगारेट लांब. रबर रिंगचा जोड असेल तर साबणाचं पाणी लावून पूर्ण आत घाला आणि एक सेंटिमीटर मागं ओढा. उन्हानं पाईप वाढतो, त्याला तेवढी जागा लागते.

नवा पाईप भांड्याच्या ट्रॅपला आणि टाकीच्या भिंतीला मिळतो तिथं नीट लक्ष द्या. प्लास्टिकला सिमेंट धरत नाही. पाईपाच्या टोकाला सोल्युशन लावून त्यावर कोरडी वाळू भुरभुरवा, वाळू द्या, मग सिमेंट भरा. खरबरीत झालेल्या पाईपाला सिमेंट पक्कं धरतं.

माती लोटण्याआधी

खालचं तोंड गोळा केलेल्या कापडानं किंवा वाळू भरलेल्या पिशवीनं घट्ट बंद करून पाईप पाण्यानं भरा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तर बोळा घट्ट आहे ना ते बघून एकेक जोड तपासा. सगळं ठीक असेल तर पाईपावर अर्धा फूट बारीक माती किंवा वाळू टाका, त्यावर बाकीची माती. मोठे दगड थेट पाईपावर नकोत.

गळती विहिरीजवळ किंवा नळाच्या लाईनजवळ होती, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना तपासायला द्या. निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्या. विहिरीत टीसीएल पावडर किती टाकायची हेही त्यांनाच विचारा.

आणि चर बुजवण्याआधी मोबाईलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल पाईप गेलाय ते टेप धरूनच काढा. उद्या बोअरचा पाईप न्यायला किंवा ओट्याला पाया काढायला खोदताना कुणी त्याच पाईपावर टिकाव घालू नये.