काचपेटीतून सुटलेला सिंह

या बाळांनो, जवळ बसा. आज सिंहमाशाची गोष्ट सांगतो. इंग्रजीत त्याला लायनफिश म्हणतात. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि बाजूचे पर पसरले की आयाळ पिंजारलेल्या सिंहासारखाच दिसतो. त्याचं घर आपल्या बाजूला, हिंदी आणि प्रशांत महासागरात. लक्षद्वीपच्या प्रवाळांतही तो असतो आणि तिथे तो कुणाला जड होत नाही.

पण देखणा पडला ना! म्हणून माणसांनी त्याला अमेरिकेत नेऊन काचपेटीत ठेवलं. बरोबरचे मासे गिळायला लागल्यावर कुणीतरी तो समुद्रात सोडून दिला असणार. १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिला सापडला. २००४ पर्यंत तो बहामा बेटांत पोचला आणि पुढे सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरला. एवढं अंतर तो पोहत गेला का? नाही रे. मादी दर चार-पाच दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांच्या घरात. ती तरंगत तरंगत प्रवाह नेईल तिकडे जातात.

आता त्याची शिकार बघा. घाई अजिबात नाही. पर पंख्यासारखे पसरून छोट्या माशाला खडकाच्या कोपऱ्यात कोंडायचं, मग तोंडाने पाण्याची बारीक पिचकारी मारायची. समोरून प्रवाह आला असं वाटून तो बिचारा तोंड वळवतो, आणि गट्टम! डोक्याकडून गिळला की घशात अडकत नाही.

बहामात आल्बिन्स आणि हिक्सन या दोन शास्त्रज्ञांनी छोटे छोटे प्रवाळखडक निवडले. काहींवर एकेक सिंहमासा सोडला, बाकीचे तसेच ठेवले. पाच आठवड्यांनी मोजलं, तर सिंहमाशाच्या खडकांवर नव्याने वाढलेली माशांची संख्या ७९ टक्क्यांनी कमी भरली. एकेका माशाने हे केलं!

मग उपाय काय? गळाला तो सहसा लागत नाही. म्हणून पाणबुडे भाले घेऊन उतरतात आणि एकेक टिपतात. त्याच्या अंगावर १८ विषारी काटे, तेव्हा जपून. पण विष काट्यांत असतं, मांसात नाही; काटे छाटले की खुशाल खातात. फ्लोरिडात तर त्याला पकडायच्या स्पर्धा भरतात. पकडलेल्यांचं पोट उघडून काय खाल्लं ते शास्त्रज्ञ बघतात, कानातली इवलीशी खडी काढून झाडासारखी तिची वलयं मोजतात आणि वय ठरवतात.

सगळे मारता येणार नाहीत. हजार फूट खोलवरही तो दिसलाय, तिथे भालेवाला कसा पोचणार? पण सगळे मारायची गरजही नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. बहामातल्या ज्या खडकांवर त्याची संख्या ठरावीक मर्यादेखाली राखली, तिथे छोट्या स्थानिक माशांचं एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढलं.

तुमच्या पेटीतला मासा कधी नकोसा झाला, तर ओढ्यात, तळ्यात, खाडीत सोडू नका रे. दुकानदाराला परत द्या. त्याने घेतला नाही, तर मला आणून द्या, मी सांभाळीन.