परदेशी रुग्ण, आयुष व्हिसा आणि आपले पत्र

आपल्या पंचकर्म चिकित्सालयांत परदेशांतून येणारा रुग्ण ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तथापि हा रुग्ण आपल्या दारी पोहोचण्यापूर्वी त्याच्या देशातील भारतीय वकिलातीच्या खिडकीपाशी उभा राहून आलेला असतो, याचे स्मरण आपणांस क्वचितच असते. त्या खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यास रुग्णाची नाडी पाहता येत नाही. तो कागद पाहतो, आणि त्या कागदांतील सर्वांत महत्त्वाचा कागद आपण लिहिलेला असतो.

आम्हांस हे उमगले ते एका चुकीतून, आणि ती चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी जर्मनीतील एका भगिनींचा आमच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. दोन्ही गुडघे व मनगटे जखडलेली, वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलेले. आम्ही उत्साहाने पत्र धाडले, की वातव्याधीवरील चिकित्सेसाठी आपण अवश्य यावे, उपचारांचा काळ प्रकृती पाहून ठरविता येईल. वैद्याच्या दृष्टीने त्या पत्रात एक अक्षर चुकीचे नव्हते आणि वकिलातीच्या दृष्टीने एक अक्षर उपयोगाचे नव्हते. व्याधीचे नाव अधिकाऱ्यास अनाकलनीय, उपचारांचे दिवस अनिश्चित, संस्थेच्या नोंदणीचा उल्लेखच नाही. अर्ज अधिक कागदपत्रांच्या मागणीसह परत आला. तोवर त्यांनी नोकरीतून मिळविलेली रजा सरून गेली आणि विमानाच्या तिकिटाचे पैसेही बुडाले. दुखरे सांधे घेऊन त्यांनी तेथील आणखी एक हिवाळा काढला.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. एप्रिल २०२२ मध्ये गांधीनगर येथील जागतिक आयुष परिषदेत पंतप्रधानांनी आयुष व्हिसाची घोषणा केली आणि जुलै २०२३ मध्ये गृह मंत्रालयाने तो प्रत्यक्षात आणला. व्हिसा नियमावलीत मेडिकल व्हिसाच्या प्रकरणानंतर ‘११ अ’ हे नवे प्रकरण त्यासाठी जोडले गेले. रुग्णासाठी एवाय-१ व सोबत येणाऱ्या परिचारकासाठी एवाय-२ असे दोन प्रकार आहेत आणि दोहोंची ई-व्हिसाची आवृत्तीही आहे. आपल्या शास्त्रास मेडिकल व्हिसाच्या सावलीतून बाहेर काढून स्वतःचे नाव मिळाले, याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु नावाबरोबर अटीही आल्या. ज्या रुग्णालयात वा स्वास्थ्यकेंद्रात उपचार घ्यावयाचे, ते संबंधित शासकीय प्राधिकरणाकडे नोंदलेले, किंवा एनएबीएच वा आयुष मंत्रालयाकडून मान्यताप्राप्त असावे लागते. आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे प्रमाणपत्र असते. ती वैद्याची वैयक्तिक नोंदणी होय, संस्थेची नव्हे. दहा खाटांचे उत्तम केंद्र चालविणारे कित्येक वैद्यबंधू नेमके येथे अडखळताना आम्ही पाहिले आहेत.

आता दिवसांच्या हिशोबाकडे वळू, कारण सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. ई-आयुष व्हिसा घरबसल्या मिळतो, वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत, म्हणून रुग्णाचा ओढा साहजिकच त्याकडे असतो. त्याची मुदत ६० दिवसांची. संपूर्ण शोधनक्रम योजला असेल तर काय होते ते पाहा. दीपन-पाचनास ५ दिवस, स्नेहपानास ७ दिवस, मधला विश्रामदिवस धरून १४ व्या दिवशी वमन. त्यानंतर संसर्जनक्रम व पुनश्च स्नेहपान करून पंधरवड्याने, म्हणजे २९ व्या दिवशी विरेचन. तेथून नवव्या दिवशी बस्तीस आरंभ केला आणि कर्मबस्तीचे ३० दिवस धरले, तर शेवटचा बस्ती ६७ व्या दिवशी पडतो. त्यापुढे दुप्पट दिवसांचा परिहारकाळ आहेच. रुग्णाने तो मायदेशी पाळला तरी ई-व्हिसाची मुदत शेवटच्या आठवड्यातील बस्तींपूर्वीच संपलेली असते. आम्ही ‘सुमारे दोन महिने’ असे मोघम लिहून मोकळे होतो आणि अखेर संसर्जनक्रमाची काटछाट करून रुग्णास विमानात बसवितो. हे शास्त्रास धरून नाही, हे सांगणे न लगे. योगबस्ती वा कालबस्ती पुरेसा असेल तर ई-व्हिसा खुशाल घ्यावा. दीर्घ क्रम असेल तर रुग्णास प्रारंभीच वकिलातीमार्फत एवाय-१ साठी अर्ज करण्यास सांगावे.

वकिलातीचेही कार्यक्षेत्र ठरलेले असते, ही गोष्ट रुग्णांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. जर्मनीत बर्लिनला आपला दूतावास आणि फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग व म्युनिक येथे वाणिज्य दूतावास आहेत. बव्हेरियात राहणाऱ्याचा अर्ज म्युनिकच्या कक्षेत येतो, कोलोनच्या रहिवाशाचा फ्रँकफर्टच्या. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज आठवडे खातो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि त्यात दोन कोरी पाने असावीत, हेही पहिल्याच पत्रात कळविलेले बरे.

आपल्या पत्राविषयी आम्ही अनुभवाने असे ठरविले आहे, की ते संस्थेच्या छापील पत्रशीर्षावर असावे, त्यात रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे त्याच अक्षरांत असावे, व्याधीचे नाव आयुर्वेदीय परिभाषेसोबत आधुनिक परिभाषेतही द्यावे, उपचारांचा आरंभ व अखेर तारखांनिशी लिहावी, निवास कोठे असेल ते सांगावे आणि संस्थेचा नोंदणीक्रमांक विसरू नये. परिचारक येणार असेल तर त्याचे नावही याच पत्रात यावे. ‘आमवात’ एवढेच लिहून आपले समाधान होईल, अधिकाऱ्याचे होणार नाही.

काही रुग्ण विचारतात, की पर्यटक व्हिसावर आलो तर काय बिघडले? या प्रश्नाचे मूळ असे, की पर्यटक व्हिसावर अल्पमुदतीचा योगवर्ग करता येतो, म्हणून पंचकर्मही त्यातच बसेल असा समज पसरतो. मुख्य हेतू चिकित्सेचा असताना हेतू लपवून येण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये. ई-पर्यटक व्हिसा येथे आल्यावर दुसऱ्या प्रकारात सहसा बदलून मिळत नाही, आणि उपचारांच्या मध्यावर मुदत संपली तर रुग्णाची जी धावपळ होते ती आम्ही जवळून पाहिली आहे. स्नेहपानाच्या पाचव्या दिवशी सरकारी कार्यालयाच्या रांगेत उभा असलेला रुग्ण कोणत्याच ग्रंथाने वर्णिलेला नाही!

रुग्ण दाखल झाल्यावर आपले दायित्व सुरू होते. निवासाची सोय असलेल्या केंद्राने परदेशी व्यक्तीची माहिती, जी आजवर आपण सी-फॉर्म म्हणून ओळखत आलो, ती २४ तासांच्या आत विदेशी नोंदणी अधिकाऱ्यास ऑनलाइन कळवावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या आप्रवास व विदेशी व्यक्ती कायद्याने १९४६ च्या विदेशी व्यक्ती अधिनियमासह चार जुने कायदे मोडीत काढले, परंतु हे दायित्व कायम ठेवले, आणि रुग्णालये व शुश्रूषागृहांचा त्यात स्पष्ट निर्देश आहे.

औषधनिर्मात्या व विक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट. परतताना रुग्ण औषधे नेतो. ती मूळ वेष्टनात, घटकद्रव्यांची नावे लॅटिनमध्येही छापलेली आणि वैद्याच्या चिठ्ठीसह असावीत. जर्मनीत प्रवाशाने स्वतःच्या उपयोगापुरती, साधारणतः तीन महिन्यांची औषधे नेण्यास मुभा असते. तथापि कुष्ठ आणि जटामांसी ही द्रव्ये वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचींत आहेत, कुष्ठ तर पहिल्याच परिशिष्टात. असे द्रव्य असलेले चूर्ण वा तैल रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी पर्यायी कल्प योजता येतो का, ते पाहावे.

त्या जर्मन भगिनी पुढील वर्षी आल्या. या वेळी पत्रात तारखा होत्या, संस्थेचा क्रमांक होता, व्याधीचे नाव दोन भाषांत होते. व्हिसा मिळाला. पहिल्या दिवशी त्यांनी थैलीतून आमचे जुने पत्र काढून टेबलावर ठेवले. आम्ही ते आजही फायलीच्या सर्वांत वर लावून ठेवले आहे.