भिवापूरची तिरपी चकती

"पट्टी खराब आहे जी. दोन बदलवल्या, तरी तिरपंच कापून राहिली," असं म्हणत वर्कशॉपवाल्या भाऊंनी ५० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टचा तुकडा माझ्या हातात ठेवला. कापलेल्या तोंडाला गुण्या लावला, तर फटीतून उजेड दिसला. शाफ्ट मिरची कांडायच्या यंत्रातला होता. भिवापूर हे मिरचीचं गाव, इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे अशी कामं येतच राहतात. तिरपा तुकडा लेथवर फेसिंग मारून सरळ करता येतो, पण माल जातो आणि मजुरीही.

बॅन्डसॉ बिघडला की पहिली शिक्षा पट्टीलाच होते. मी पट्टीला हात लावायच्या आधी एक चकती कापून घेतो. त्यातही एक मेख आहे. सरळ दोन काप घेतले तर दोन्ही सारखेच तिरपे येतात, चकतीची जाडी सगळीकडे एकच भरते आणि यंत्र साळसूद ठरतं. म्हणून पहिल्या कापानंतर बार वाइसमध्ये अर्धा फेरा उलटा फिरवायचा, टोकावर खडूनं 'वर' लिहायचं आणि मगच चकती उतरवायची. असं केलं की चूक दुप्पट होऊन दिसते. मग व्हर्नियरनं चार ठिकाणी मोजायचं. डाव्या-उजव्या कडेत फरक आला तर वाइस काटकोनात नाही. वर-खाली फरक आला तर पट्टी उतरता उतरता भरकटते आहे.

इथे डावी-उजवी सारखी. वर-खाली मात्र ७.६ आणि ४.४. वाइस सुटला.

गाईडकडे वळलो. भाऊंनी मागे कधीतरी रुंद चॅनल कापलं होतं आणि तेव्हा लांब सरकवलेला गाईडचा हात तिथेच राहिला होता. एवढ्याशा बारसाठी दोन गाईडच्या मध्ये वीतभराहून जास्त पट्टी निराधार. हात बारला लागता लागता ठेवला आणि पुन्हा चकती घेतली. फरक निम्म्यावर आला. भाऊ खूश, मी नाही.

टेन्शनचं चाक हातानं सहज फिरत होतं.

"हे सैल कोणी केलं?"

"मीच केलं ना. घट्ट ठेवली का तुटते."

तुटलेल्या दोन्ही पट्ट्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होत्या. भंगारात दिल्या नव्हत्या, हे माझं नशीब. पट्ट्याची करवत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचली होती, पण पोलादी पट्टीची दोन टोकं जोडलेली टिकत नव्हती. फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलिन क्रेपँ यांनी १८४६ मध्ये जोडण्याची रीत काढली आणि ती कामाला लागली. त्यामुळे तुटलेली पट्टी हातात आली की मी आधी सांधा शोधतो. इथे दोन्ही सांधे शाबूत होते. चिरा पाठीकडून, दातांच्या उलट बाजूनं, आत शिरलेल्या. पाठीची कडही चेपून बाहेर आली होती.

पाठ टेकते ती गाईडमधल्या मागच्या बेअरिंगवर. मेन स्विच पाडून ते बोटानं फिरवून पाहिलं. जागचं हललं नाही. पट्टीनं त्यात खाच पाडली होती आणि फटीत कीस ठासून भरला होता. दातांतला कीस झाडायला चाकाजवळ तारेचा ब्रश असतो. तो पार टकला झालेला. कीस पट्टीबरोबर फिरत गाईडमध्ये शिरला, बेअरिंग अडकलं, पाठ घासून चिरली, पट्टी तुटली, भाऊंनी भिऊन टेन्शन सोडलं आणि काप तिरपा झाला.

"एवढ्याशा ब्रशापायी?" भाऊंचा विश्वास बसेना.

बेअरिंग पंपदुरुस्तीवाल्याकडे मिळालं, ब्रश मोठ्या तारब्रशाचा कापून बसवला. टाकीतलं कूलंट बदललं. दरवेळी पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, नाहीतर ते दुधासारखं एकजीव होत नाही. इंचाला चार-सहा दातांच्या याच पट्टीवर भाऊ दोन मिलिमीटर जाडीचा पाईपही कापतात, असं तेवढ्यात कळलं. त्या पातळ कडेत एक दातही धड मावत नाही, कड दोन दातांच्या मध्ये अडकते आणि दात उडतो. पाईपसाठी बारीक दातांची वेगळी पट्टी ठेवा म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणतील की नाही कोण जाणे.

नवी पट्टी घड्यांतून सुटताना सापासारखी उसळते, म्हणून ती चढवेपर्यंत हातमोजे घातले. यंत्र चालू करायच्या आधी काढून ठेवले. टेन्शन पुरेसं आवळलं. पहिले काही काप नेहमीच्या निम्म्या दाबानं घ्यायचे, म्हणजे नव्या दातांची कोवळी धार चुरत नाही. पिठासारखा कीस पडायला लागला तर मात्र दाब फारच कमी. आता चंदेरी, वळलेला कीस पडत होता. बार उलटा फिरवून काढलेल्या चकतीत फरक आला ०.२.

तिसरा काप अर्ध्यावर असताना लाइन गेली. भाऊ चहा सांगायला निघाले, तर मी त्यांना थांबवलं आणि आधी पट्टी कापातून वर उचलून घेतली.