फीत भाजून आवाज वाचवणारी ग्रंथालयं

ब्रिटिश लायब्ररीकडे ६५ लाखांच्या आसपास ध्वनिमुद्रणं आहेत. मेणाच्या नळकांड्यांपासून मिनीडिस्कपर्यंत. २०१५ मध्ये त्यांनीच इशारा दिला: साधारण १५ वर्षांत यातली बरीचशी ऐकता येणार नाहीत. फिती खराब होताहेत, त्या वाजवणारी यंत्रं बनत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चाललेत.

मग २०१७ मध्ये वेल्स आणि स्कॉटलंडची राष्ट्रीय ग्रंथालयं, ब्रिस्टल आर्काइव्हज, लेस्टर विद्यापीठ अशा १० संस्थांना जोडीला घेऊन या आवाजांच्या डिजिटल प्रती काढायचं काम सुरू झालं. पैसा लॉटरीच्या निधीतून! प्रत्येक संस्थेने आपल्या भागातले छोटे संग्रह गोळा केले. बोलीभाषा, लोकगीतं, कामगारांच्या आठवणी, पक्ष्यांचे आवाजसुद्धा.

काम भलतं वेळखाऊ. पुस्तकाचं पान क्षणात स्कॅन होतं, पण तासाभराची फीत उतरवायला साधारण तासभर लागतोच. काही जुन्या फितींचा चिकट थर सुटून यंत्राला लागतो. अशा फिती मंद आचेवर, ५० अंशांच्या आसपास, कित्येक तास चक्क ‘भाजतात’. मग त्या थोडे दिवस नीट वाजतात, तेवढ्यात प्रत काढायची.

आपल्याशीही नातं आहे बरं का. पूर्वी मुंबईत वडाळ्याला बनणाऱ्या ‘यंग इंडिया’ तबकड्यांचं डिजिटायझेशन याच लायब्ररीच्या ‘एंडेंजर्ड आर्काइव्हज’ योजनेतून झालं.

घरी आजोबांच्या आवाजाची, गावच्या भजनाची कॅसेट पडली असेल तर ओलीपासून दूर ठेवा आणि लवकर उतरवून घ्या. एक प्रत दुसऱ्याच्या घरीही ठेवा.