कॅन्सरचं ऑपरेशन झालं, विम्याचं काय?

डिस्चार्ज : रुग्णालयाची विनंती आल्यापासून ३ तासांत अंतिम कॅशलेस मंजुरी देणं विमा कंपनीवर बंधनकारक (२०२४ पासून). उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा.

घरी आल्यावर : संबंधित तपासण्या आणि औषधांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत मिळतो. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, मूळ बिलं एकाच फाइलीत ठेवावीत. मेडिकलच्या प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. दावे इथेच अडतात.

नूतनीकरण : आधी दावा केला, एवढ्या कारणावरून नाकारता येत नाही. सलग ६० महिन्यांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचा आक्षेपही चालत नाही. हप्ता मात्र चुकवू नये.

दावा फेटाळला? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. मग विमा लोकपाल. कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत, शुल्क नाही.